फाटकाबाहेरची ड्रेसर

परवा नातवाने कुत्र्याच्या कानात कापसाचा इअरबड घातला आणि माझ्याकडून चार शिव्या खाल्ल्या. हैदराबादेत कुकटपल्लीच्या आमच्या चौथ्या मजल्यावर हे लाडकं कुत्रं राहतं, त्याचे कान पायपुसण्यासारखे लोंबतात आणि महिन्याआड त्यांना वास येतो. नातू निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत बोलतो, मराठी वाचत तर नाहीच, पण शिव्या त्याला नेमक्या कळतात. “आजोबा, तुम्ही काय डॉक्टर आहात का?” असं मला वर तोंड करून विचारलं त्याने.

नाही बाबा, डॉक्टर नाही. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी कारकून होतो. कुत्र्याचा कान मला शिकवला तो विठाबाईंनी, आणि सरकार त्यांना झाडूवाली म्हणत होतं. नातवाला वेळ नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

नारायणगुड्याच्या आमच्या दवाखान्यात मी लागलो तेव्हा नुकता विशीतला होतो. विठाबाई भद्रे चाळिशीच्या. मी त्यांना ‘तू’ म्हणायचो आणि त्या मला ‘मुन्शीजी’ म्हणायच्या. आमच्या घरची शेती भालकीकडे, पाटीलकी नसली तरी ऐट होती. आईच्या वयाच्या बाईला अरेतुरे करताना जीभ अडखळली नाही, कारण ती बाई महारवाड्यातून आलेली होती. आज हे लिहितानाही लाज वाटते. वाटू दे.

त्यांचे यजमान संभाजी हे दवाखान्यात झाडूवाले होते. तापात गेले, तेव्हा त्यांच्या जागेवर विठाबाईंना घेतलं. मूळ गाव कंधार तालुक्यात. झाडू, बादली, फिनेल आणि गोठ्यातलं शेण, एवढंच त्यांचं काम कागदावर होतं. पण मलमपट्टी करणारे ड्रेसर हणमंतराव यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, हात थरथरत होते, आणि कुत्र्याला थरथरता हात फार लवकर कळतो. एकदा हणमंतरावांच्या हातून कापसाचा बोळा सुटला, विठाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, बोळा उचलून टाकून दिला, दुसरा घेतला आणि कान साफ केला. कुत्रं हललंसुद्धा नाही. त्या दिवसापासून कान त्यांच्याकडे गेले. कुणी दिले नाहीत, हुकूम निघाला नाही. असंच झालं.

त्यांची रीत ठरलेली. आधी बघायचं, मग वास घ्यायचा, मग हात लावायचा. कानाची पाळी उलटी करून त्या उजेडाकडे धरत. आत फिकट गुलाबी दिसलं आणि वास नसला तर म्हणत, “ह्याला काय बी करू नका. चांगल्या कानाला रोज रोज खाजवाल तर त्योबी बिघडंल.” मळ असेल तर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात बोळा बुडवून पिळायचा, बोटाला गुंडाळायचा आणि बोट जाईल तेवढंच पुसायचं. त्याच्या पुढे काही म्हणजे काही घालायचं नाही. “कुत्र्याचा कान बावडीसारखा हाय, मुन्शीजी,” त्या मला म्हणाल्या होत्या. “आधी सरळ खाली उतरतो, मंग आत वळतो. तुमी वरून काडी घातली की सगळा गाळ वळणात जाऊन बसतो.”

मांजरांचं वेगळं. सुलतान बाजारातल्या एका कापडवाल्याने मांजर आणलं, कानात चहाच्या भुकटीसारखं काळं काळं. शेटजी म्हणाले, मळ आहे. विठाबाईंनी चिमूटभर मळ काळ्या कागदावर झटकला आणि भिंग दिलं शेटजींच्या हातात. पांढरे ठिपके चालत होते. “घरात दुसरी मांजरं किती?” “तीन.” “तिघींना बी आणा. एकीचं करून काय फायदा, ती घरी जाऊन किडे परत घेऊन येईल.” शेटजींनी आणली. औषध डॉक्टरांनी लिहिलं, घातलं मात्र विठाबाईंनी, तीन आठवडे, ओरबाडे खात.

आता माझं काम ऐका. माझ्याकडे केस रजिस्टर होतं. जनावर, मालक, आजार, उपचार आणि शेवटचा रकाना: उपचार कुणी केला. त्या रकान्यात मी सहा वर्षं लिहीत आलो, ‘ड्रेसर हणमंतराव’. समोर विठाबाई कान पुसत असायच्या आणि मी हणमंतरावांचं नाव लिहीत असायचो. डॉक्टर मुकुंदराव म्हणाले होते, “नेहमीसारखं लिहा.” डॉक्टर बैलाच्या शिंगाला आणि घोड्याच्या खुराला हात घालणारे मोठे माणूस, लहान कुत्र्यांचा त्यांना कंटाळा होता. वाईट नव्हते. पण चाललंय ते चालू द्यावं, असा त्यांचा स्वभाव होता, आणि असल्या स्वभावाच्या माणसांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं दुष्टांनी केलं नसेल.

छप्पन्न सालच्या ऑक्टोबरात विठाबाईंनी पाच दिवसांची रजा मागितली. कुठे जायचं विचारलं तर म्हणाल्या, “नागपूरला.” परत आल्या त्या पांढऱ्या लुगड्यात. गळ्यातला देवाचा पितळी टाक गेला होता. झाडू घेतला, व्हरांडा झाडला, बादली जागेवर ठेवली आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मुन्शीजी, त्या वहीत माझं नाव कुठं हाय?”

मी म्हटलं, हजेरीत आहे की.

“हजेरीत न्हाई. कान केल्याच्या वहीत.”

मी वही मिटली. त्यांना आता अक्षर लागत होतं, वस्तीतल्या वर्गात दोन वर्षं शिकत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. रजिस्टर इंग्रजीत होतं खरं, पण एकच नाव पानभर खाली उतरत गेलेलं कळायला इंग्रजी कशाला लागतं?

तोवर नोव्हेंबर लागला. हैदराबाद राज्य गेलं. आमचं दफ्तर आंध्रात आलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि मोठ्या दफ्तरातून फर्मान आलं: सगळ्या नोकरांची यादी पाठवा, नाव, हुद्दा, मूळ जिल्हा, मातृभाषा. यादीत जो हुद्दा पडेल तोच पुढे जन्मभर चिकटणार, असं कारकून मंडळी म्हणत होती. आणखी एक बोलवा होती. झाडूवाले, चौकीदार जिथल्या तिथे राहतील, पण ड्रेसर आणि त्याच्या वरचा मराठी माणूस असेल तर त्याला मुंबई राज्यात पाठवतील.

विठाबाई डॉक्टरांसमोर गेल्या. “साहेब, यादीत माझ्यापुढं ड्रेसर लिवा. हणमंतराव येत्या सालाला रिटायर होणार. काम मी करते.”

डॉक्टर हसले. बाईमाणूस ड्रेसर कुठे असते? मग समजावलं, “अगं, उगाच कशाला? झाडूवाली राहिलीस तर इथेच राहशील, लेक जवळ आहे. ड्रेसर लिहिलं तर पाठवतील औरंगाबादेला. हात दाखवून अवलक्षण.”

“पाठवू द्या.”

“तुझ्या नावावर एकही केस नाही. कशाच्या जोरावर लिहू?”

“तेच तर इचारते. कामून न्हाई?”

बाहेर कंपाउंडर मंडळींत खसखस पिकली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं कुणीतरी म्हणालं. विठाबाईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कानांना हात लावणं बंद केलं.

व्हरांड्यात ओळ लागलेली. नोव्हेंबर म्हणजे कुसळांचे दिवस. गवत वाळलं की कुसळ कुत्र्याच्या कानात शिरतं, आणि कुसळाचा स्वभाव असा की ते पुढेच जातं, मागे येत नाही. कुत्री मान वाकडी करून, डोकं झटकून हैराण झालेली. आणि विठाबाई त्यांच्यामधून झाडू मारीत जात होत्या. कुणी हाक मारली की सांगायच्या, “म्या झाडूवाली हाव. कागदावर तसंच हाय. ड्रेसरला इचारा.” व्हरांडा इतका लख्ख कधीच नव्हता.

बिचारे हणमंतराव दोन कुत्र्यांकडून चावून घेऊन बसले.

दुपारी एक ते दोन सुट्टी. एकला घंटा झाली, विठाबाईंनी हातपाय धुतले, आपल्या फडक्याची गाठोडी आणि मिठाच्या पाण्याची बाटली घेतली आणि फाटकाबाहेर चिंचेखाली जाऊन बसल्या. शाळेतल्या एक मास्तरीणबाई, राजेश्वरम्मा, आपलं गावठी कुत्रं दोरीला धरून रडवेल्या उभ्या होत्या. त्यांना विठाबाईंनी बोलावून घेतलं. “इलारा अम्मा.” कुत्र्याला दोन पायांत धरलं, कान उलटा केला, वास घेतला. कुसळाचं टोक वर दिसत होतं. नखांनी धरून ओढलं, मिठाच्या पाण्याने पुसलं, कोरडं केलं. सगळं मिळून पाच मिनिटं.

मी फाटकातून बघत होतो. “काय बघूलालाव मुन्शीजी?” त्या म्हणाल्या. “फाटकाच्या आत मी झाडूवाली. फाटकाच्या भायेर मी विठाबाई. सरकारनं फाटकाच्या भायेरचं कायबी लिवलेलं न्हाई.”

चार दिवसांत ओळ फाटकाबाहेर सरकली. लोक सकाळपासून चिंचेखाली एक वाजायची वाट बघायचे. मोठी जखम असेल, पू असेल, ताप असेल तर विठाबाई त्याला आत डॉक्टरांकडे पाठवायच्या, आपल्या हाती ठेवायच्या नाहीत. बाकीचे कान तिथेच व्हायचे. डॉक्टर माझ्यावर चिडले, चौकीदारावर चिडले. पण सुट्टीच्या तासात रस्त्यावर बसलेल्या बाईला उठवायचं तर कोणत्या कलमाखाली? मी कलम शोधलं नाही. शोधतो म्हणालो.

आणि मग रोझी आली.

रोझी म्हणजे सेक्रेटरिएटातल्या एका बड्या साहेबांची लोंबत्या कानांची तपकिरी कुत्री. यादी मंजूर करणारे जे कुणी होते, त्यांत हे साहेब होते, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांना घाम फुटला. अर्दली तिला कडेवर घेऊन धावत आला होता. कुत्री डोकं आपटत होती, किंचाळत होती, एक कान फुग्यासारखा सुजलेला. काय केलंत म्हणून विचारलं तर अर्दली सांगायला तयार होईना. शेवटी म्हणाला, “कानमैलिये को दिखाए थे, हुजूर.”

तुम्हाला कानमैल्या ठाऊक नसेल. लाल पगडी, पगडीत सळई आणि कापूस, सुलतान बाजारच्या पायऱ्यांवर बसून लोकांचे कान कोरणारा. आमच्या हैदराबादेत मोठमोठे लोक त्याच्यापुढे मान तिरकी करून डोळे मिटून बसत. साहेबांच्या बेगमसाहेबांना वाटलं, माणसाचा कान तो कुत्र्याचा कान. आधी लसूण घालून कढवलेलं तेल ओतलं, जसं घरच्या पोरांच्या कानात ओततात, मग कानमैल्याला बोलावून सळई घातली. आत कुसळ होतं. तेलाने ते घसरलं आणि सळईने ते वळणाकडे ढकललं.

हणमंतरावांनी हात लावला आणि रोझीने त्यांच्या अंगठ्याचा लचका तोडला. डॉक्टरांनी मला बाहेर पिटाळलं. सव्वा वाजला होता. मी चिंचेखाली गेलो आणि सांगितलं, डॉक्टरांनी बोलावलंय.

“साहेबांना म्हणा, आत झाडायचं काय राहिलं असंल तर दोन वाजता येते.”

मी तसंच जाऊन सांगितलं. खरं सांगतो, सांगताना मला बरं वाटलं. डॉक्टर स्वतः बाहेर आले. मागे अर्दली, कडेवर रोझी. रस्त्यावरची माणसं जमली.

“विठाबाई,” डॉक्टर म्हणाले, “ही वेळ आहे का भांडायची? मुकं जनावर आहे.”

“सहा सालं मी बी मुकीच व्हते,” विठाबाई म्हणाल्या. “वही आणा. माझं नाव लिवा. मंग हात लावते.”

रोझीला मात्र धीर नव्हता. तिने अर्दलीच्या खांद्यावर डोकं घासलं आणि असा आवाज काढला की राजेश्वरम्मांनी कानांवर हात घेतले. विठाबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या जबड्याची शीर हलताना मला दिसली. हट्ट धरून बसणं सोपं नव्हतं त्यांना, हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस मला वाटत होतं की त्या मजेत आहेत.

“आणा तिला हिकडं,” त्या म्हणाल्या. “तिनं माझं काय वाकडं केलंय? साहेब, चिमटा लागंल, बारीक टोकाचा. उकळून आणा. आन् बॅटरी. आन् बसा हिथं, डोकं तुमाला धरावं लागंल.”

डॉक्टर मुकुंदराव, नव्या राज्याचे गॅझेटेड अधिकारी, रस्त्याच्या मातीत मांडी घालून बसले. रोझीचं डोकं त्यांनी दोन्ही हातांत धरलं. मी बॅटरी धरली. विठाबाईंनी कानाची पाळी वर आणि मागे ओढली, म्हणजे आतलं वळण जरा सरळ होतं. तेल टिपून घेतलं. मग थांबल्या. रोझीच्या श्वासाकडे बघत बसल्या. श्वास जरा संथ झाला तसा चिमटा आत गेला आणि बाहेर आला. टोकाला काळं झालेलं, तेलाने चकचकणारं कुसळ. त्यांनी ते अर्दलीच्या तळहातावर ठेवलं. “बेगमसाबांना दाखवा. आन् सांगा, तेल भजी तळायला ठेवा. सूज डॉक्टरसाब बघतील, ते त्यांचं काम.”

माणसं हसली. रोझीने डोकं एकदा झटकलं आणि विठाबाईंच्या मांडीवर टेकलं.

आता त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. काम करून मोकळ्या झाल्या होत्या. एका कुसळापायी सौदा घालवून बसली बाई, असं माझ्या मनात आलं. मी आतून रजिस्टर आणलं होतं. जनावर लिहिलं, मालक लिहिला, आजार लिहिला, उपचार लिहिला. शेवटच्या रकान्यापाशी थांबून डॉक्टरांकडे बघितलं.

डॉक्टर धोतराची माती झटकत म्हणाले, “नेहमीसारखं लिहा.”

विठाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी टाक दौतीत बुडवला. मी काय लिहिणार होतो? छाती ठोकून सांगायला आवडलं असतं की मी त्यांचंच नाव लिहायला निघालो होतो. तसं नव्हतं. ‘ड्रेसर’मधला पहिला डी मी काढलासुद्धा होता.

“माझं नाव लिहू नका.”

हणमंतराव फाटकाच्या खांबाला धरून उभे होते, अंगठ्याला पट्टी. दिसत तर नव्हतं त्यांना धड, पण बोलले ते डॉक्टरांच्या रोखाने. “डॉक्टरसाहेब, मी हिला हात लावला तो हा असा,” त्यांनी अंगठा वर केला. “बाकी सगळं हिनं केलं. आज, आणि सहा वर्षं. मी पेन्शनला निघालोय. दुसऱ्याच्या हातचं यश पदरात बांधून मला जायचं नाही. पाहिजे तर लिहून देतो.”

सहा वर्षं मुकाट्याने ते यश घेत आलेला माणूस, पण बोलायची वेळ आली तेव्हा बोलला, आणि मी, ज्याच्या हातात टाक होता, बसून राहिलो होतो. मी लिहिलं, ‘ड्रेसर’, आणि पुढे ‘विठाबाई भद्रे’. अक्षर वाकडं आलं.

डॉक्टरांनी ती ओळ वाचली. मग विठाबाईंना म्हणाले, “यादीत हेच गेलं तर इथं राहायला मिळणार नाही. मग रडत येऊ नका.” त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी विठाबाईंना ‘नकोस’ऐवजी ‘नका’ म्हटलं.

“येनार न्हाई,” विठाबाई म्हणाल्या.

हणमंतरावांनी खरंच लिहून दिलं. डॉक्टरांनी खाली सही केली. मी यादी टाइप केली, आणि त्या एका ओळीत एकही खाडाखोड होऊ दिली नाही.

हुकूम आला तो पुढच्या जूनमध्ये. श्रीमती विठाबाई भद्रे, ड्रेसर, मुंबई राज्य, औरंगाबाद. काचीगुडा स्टेशनावर मी पोचवायला गेलो. त्यांची लेक तारामती दोन पोरं घेऊन आली होती आणि रडून रडून तिचा आवाज बसला होता. “आई, झाडूवालीच राहिली असतीस तर काय बिघडलं असतं? इथं तर राहिली असतीस माझ्यापाशी.”

विठाबाईंनी तिचं तोंड पदराने पुसलं. त्यांचेही डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. “आपल्या लोकांकडं जनावर यायचं ते मेल्यावर, तारा,” त्या म्हणाल्या. “वढायचं, सोलायचं. तुझ्या आज्यानं तेच केलं, पणज्यानं तेच केलं. म्या जित्याला हात लावला. ते कुठं तरी लिवलेलं पायजे का नको?”

मी त्यांची ट्रंक डब्यात चढवली आणि म्हणालो, “सांभाळून जा, विठाबाई. पोचल्याचं कळवा.” सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अहोजाहो केलं. त्यांच्या ते ध्यानात आलं, पण त्यांनी काही त्याचं कौतुक केलं नाही. करायचं कारणही नव्हतं.

महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. त्यांच्याच हातचं, शाई फुटलेली, ओळी उतरत गेलेल्या. ते मी आजवर जपलंय. शेवटच्या ओळी जशाच्या तशा देतो:

‘पहिल्या दिवशी इथल्या जमादारानं माझ्याकडं बघितलं आन् हातात झाडू दिला. म्या झाडू भिंतीला टेकवला आन् हुकूम पुढं केला. त्यानं दोनदा वाचला. मंग डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणले, बाई आन् ड्रेसर, हे तर आमी कधी बघितलं न्हाई. म्या म्हणलं, मंग आता बघा.’